सोल संगीत, स्वतंत्र गट आणि पहिला अल्बम: सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात जुने सोल संगीत एकत्र बसून ऐकणारे आमचे एक छोटे मंडळ आहे. मंडळाकडे पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न निव्वळ ऐकणाऱ्यांचे आहेत, तर पुढचे प्रश्न स्वतःचा गट काढून अल्बमपर्यंत पोहोचू पाहणाऱ्या तरुण वादकांचे आहेत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील 'शॅरन जोन्स अँड द डॅप-किंग्ज' या गटाचा दाखला अनेक उत्तरांत येतो. त्याचे कारण प्रश्न ४ मध्ये सापडेल.

१. सोल संगीत नेमके कशातून आले?

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गॉस्पेल गायन आणि नाचाच्या ठिकाणी वाजणारे ऱ्हिदम अँड ब्लूज, हे त्याचे दोन मूळ प्रवाह आहेत. रे चार्ल्स यांनी १९५४ मध्ये एका गॉस्पेल गाण्याच्या धाटणीवर प्रेमगीत बांधून ध्वनिमुद्रित केले, तेव्हा देवासाठीची चाल माणसासाठी वापरली म्हणून अनेक श्रद्धाळू नाराज झाले. पण वाट मोकळी झाली. 'सोल स्टिरर्स' या नामवंत गॉस्पेल गटाचे मुख्य गायक सॅम कुक १९५७ मध्ये लौकिक गाण्यांकडे वळले. शब्द बदलले तरी हाक देणे, उत्तर घेणे, शेवटाकडे आवाज चढवत नेणे आणि एकाच अक्षरावर स्वर खेळवणे ही गायकी चर्चमधलीच राहिली. त्यामुळे केवळ वेगळ्या तऱ्हेचे सूर वापरले म्हणजे सोल झाले, असे मानणाऱ्यांना आम्ही आधी गॉस्पेल ऐकायला सांगतो.

२. मोटाउन आणि स्टॅक्स यांत फरक काय?

मोटाउन ही बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन डेट्रॉइटमध्ये उभी केलेली कंपनी. तिथला आवाज घोटीव असे, तंतुवाद्यांची भर सढळ असे आणि गाणे रेडिओवर सगळ्या वर्णांच्या श्रोत्यांना आवडेल याची काळजी घेतलेली असे. मेम्फिसच्या स्टॅक्सने एका जुन्या चित्रपटगृहात स्टुडिओ थाटला होता, आणि तिथे खडबडीतपणा राखला जाई. वर्णभेदाच्या त्या शहरात स्टॅक्सच्या घरच्या वादकसंचात, म्हणजे 'बुकर टी. अँड द एम.जी.ज' मध्ये, कृष्णवर्णीय आणि गोरे वादक शेजारी बसून वाजवत. नव्या गटाने अभ्यासाला स्टॅक्स आधी घ्यावे, असे आमचे मत आहे. कमी वाद्यांत काय साधते ते तिथे स्पष्ट ऐकू येते.

३. या दोन्ही कंपन्या खासगी आणि लहानच होत्या. मग आजच्या गटांना वेगळे 'स्वतंत्र' का म्हणायचे?

प्रश्न रास्त आहे. आकाराने लहान असणे आणि स्वतंत्र असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टॅक्सचा माल अटलांटिक ही मोठी कंपनी वितरित करत असे. १९६७ मध्ये अटलांटिक विकली गेल्यावर तो करार पुन्हा तपासला गेला, तेव्हा अटलांटिकने वितरित केलेल्या आपल्याच ध्वनिमुद्रणांची मालकी आपल्याकडे नाही, हे स्टॅक्सच्या ध्यानात आले. उलट सोल गायक जेम्स ब्राउन यांनी १९६२ मध्ये अपोलो नाट्यगृहातील आपला कार्यक्रम कंपनीप्रमुखाचा विरोध असताना स्वतःच्या पैशाने ध्वनिमुद्रित केला, आणि पुढच्या वर्षी आलेला तो अल्बम जोरात खपला. मूळ ध्वनिमुद्रणाचा मालक कोण आणि त्याचा खर्च कोणी केला, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'गटाने स्वतः' असे येते तो गट स्वतंत्र, अशी आमची कसोटी आहे.

४. दाखल्यासाठी शॅरन जोन्स यांचाच गट का?

कारण त्यांचा अल्बमपर्यंतचा रस्ता लांब होता आणि तो टप्प्याटप्प्याने पाहता येतो. शॅरन जोन्स यांचा जन्म १९५६ मध्ये जॉर्जियातील ऑगस्टा येथे झाला. जेम्स ब्राउन लहानाचे मोठे झाले ते हेच शहर. त्या चर्चमध्ये गायल्या, न्यूयॉर्कमध्ये लग्नसमारंभांत गाणाऱ्या बँडबरोबर वर्षानुवर्षे गायल्या आणि पोटासाठी रायकर्स आयलंडच्या तुरुंगात रक्षक म्हणून, तसेच रोकड वाहून नेणाऱ्या चिलखती गाडीवर पहारेकरी म्हणून काम केले. संगीतव्यवसायातील लोकांनी त्यांना रूप, वर्ण आणि वय या कारणांवरून नाकारले होते, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले.

१९९६ मध्ये गायक ली फील्ड्स यांच्या ध्वनिमुद्रणासाठी तीन साथगायिका बोलावल्या होत्या. आल्या त्या एकट्या जोन्स, आणि तिन्ही आवाजांचे काम त्यांनी एकटीनेच केले. तेव्हा त्या चाळिशीच्या होत्या. हे ध्वनिमुद्रण ठरवणाऱ्या दोघांची डेस्को ही छोटी कंपनी पुढे बंद पडली. तिच्या दोन भागीदारांपैकी गेब्रिएल रॉथ यांनी सॅक्सोफोनवादक नील शुगरमन यांच्यासह २००१ मध्ये डॅपटोन ही कंपनी काढली आणि आधीच्या संचातील वादकांना घेऊन डॅप-किंग्ज उभे केले. पहिल्या अल्बमच्या मोजक्या प्रती बार्सिलोनातील कार्यक्रमांत विकण्यासाठी आधी काढल्या गेल्या आणि तो रीतसर २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरा २००५ मध्ये आणि तिसरा २००७ मध्ये आला. स्टुडिओसाठी ब्रुकलिनच्या बुशविक भागात एक मोडकळीस आलेले घर घेतले होते, ते वादकांनी स्वतः राबून दुरुस्त केले. जोन्स यांचे कर्करोगाने १८ नोव्हेंबर २०१६ रोजी निधन झाले. त्यांचा अखेरचा अल्बम पुढच्या वर्षी आला.

म्हणजे पहिले ध्वनिमुद्रण आणि पहिला अल्बम यांत सहा वर्षे गेली. 'येत्या दिवाळीला अल्बम' असे ठरवून आमच्याकडे येणाऱ्यांना आम्ही हा हिशेब आधी दाखवतो.

५. अ‍ॅमी वाइनहाउस यांच्या गाजलेल्या अल्बमवर हेच वादक आहेत का?

होय, या ब्रिटिश गायिकेच्या २००६ च्या दुसऱ्या अल्बममधील काही गाण्यांवर डॅप-किंग्जचे वादक आहेत. सगळ्या गाण्यांवर नाहीत.

६. थेट अल्बम न काढता आधी एकेक गाणे का काढायचे?

सोलचा संसारच मुळी सुट्या गाण्यांवर चालला. मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या लहान तबकडीच्या प्रत्येक बाजूला एक गाणे असे, ती स्वस्त पडे, आणि कोणते गाणे लोक पुन्हा मागतात ते लवकर कळे. डेस्को आणि डॅपटोन यांनी हीच जुनी रीत जाणूनबुजून चालू ठेवली. आज तबकडी काढायची गरज नाही, पण दोन गाणी काढून थांबण्याची शिस्त उपयोगाची आहे, कारण गटातील कोण वेळ पाळतो, कोण पैशाला हात आखडतो आणि कोणाचे ऐकून घेतले जात नाही, हे दोन गाण्यांतच कळते.

येथे थोडे विषयांतर करतो. डेस्कोने १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या वादकांचा एक अल्बम सत्तरच्या दशकातील नायजेरियन गटाचा म्हणून खपवला, आणि अनेक जाणकार संग्राहक फसले. वादनाचा कस त्यातून सिद्ध झाला हे खरे, पण हे अनुकरण करण्याजोगे नाही. जुन्या आवाजाचा ध्यास वेगळा आणि खोटे कूळ सांगणे वेगळे.

७. जुन्या टेपवर ध्वनिमुद्रण केल्याशिवाय तो आवाज येत नाही, हे खरे आहे का?

अर्धेच खरे आहे. डॅपटोनमध्ये आठ ट्रॅकच्या, म्हणजे आठच आवाज वेगवेगळे साठवता येतील अशा, टेपवर काम होई. टेपचा मऊपणा त्यात होताच, पण खरा परिणाम आठ या आकड्याचा होता. ट्रॅक कमी असल्याने ड्रमसाठी एकदोनच माइक राहतात, पितळी वाद्ये एका माइकभोवती उभी राहतात, आणि कोणाचा आवाज किती हे नंतर यंत्रावर न ठरता कोण किती लांब उभा आहे आणि किती जोराने वाजवतो यावर वाजवतानाच ठरते. हे बंधन संगणकावरही स्वतःला घालून घेता येते. ड्रम, बास, गिटार आणि ऑर्गन एका खोलीत, एकमेकांकडे बघत, एकाच वेळी वाजवा; एकूण आठच ट्रॅक वापरा; चुकले तर तुकडा न जोडता गाणे पहिल्यापासून घ्या. सोलापुरात टेपयंत्र मिळवणे, त्याचे सुटे भाग शोधणे आणि ते नीट राखणे यात पैसा घालवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

८. किमान खर्च किती येतो?

इंडियानातील ब्लूमिंग्टन येथील 'ड्युरँड जोन्स अँड द इंडिकेशन्स' या गटाने २०१६ चा आपला पहिला अल्बम तळघरात, चार ट्रॅकच्या यंत्रावर, सुमारे ४५२ डॉलरमध्ये केला, आणि त्या रकमेत बिअरचा खोकाही धरलेला आहे, असे गट सांगतो. वाद्ये आणि माइक हाताशी असले आणि वादक मित्र असले तरच हा आकडा शक्य होतो. आपल्याकडे मोठा खर्च दोन ठिकाणी होतो: बाहेरच्या वादकांचे मानधन, आणि आवाजांचा मेळ घालण्यासाठी पुण्या-मुंबईच्या तंत्रज्ञाला दिलेले पैसे. पहिल्यात कंजुषी करू नये. तालीम पुरेशी झाली असेल तर दुसरा आपोआप घटतो.

९. ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणारे सोलापुरात कुठून आणायचे?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि दर वेळी आश्चर्य वाटते, कारण वरातीत पुढे चालणाऱ्या बँडपथकात ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आणि युफोनियम वाजवणारे लोक आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. शॅरन जोन्स यांची तालीम लग्नाच्या बँडमध्ये झाली हे आपण कौतुकाने सांगतो, आणि स्वतःच्या गावातल्या लग्नाच्या बँडकडे मात्र वळूनही पाहत नाही. या वादकांकडे चार-चार तास उभ्याने फुंकण्याचा दम असतो, शेकडो चाली पाठ असतात आणि ऐकलेली चाल लगेच उचलण्याची तयारी असते. काही गोष्टी मात्र त्यांच्याबरोबर बसून नव्याने घडवाव्या लागतात.

पहिली गोष्ट जागेची. वरातीत पथक संपूर्ण चाल वाजवते. सोलमध्ये पितळी वाद्ये गायकाच्या दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत दोन-तीन सुरांचा ठोसा देतात आणि गप्प बसतात. गप्प बसणे हेच शिकायला वेळ लागतो. दुसरी गोष्ट जोराची. रस्त्यावर डीजेशी झुंजणारा ट्रम्पेट बंद खोलीत त्याच जोराने फुंकला तर माइक फाटतो, म्हणून वादकाला भिंतीकडे तोंड करून किंवा माइकपासून सात-आठ फूट मागे उभे करावे. तिसरी गोष्ट पट्टीची. ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि टेनर सॅक्सोफोन यांचा 'सा' पेटीच्या काळी पाचला पडतो, तर आल्टो सॅक्सोफोनचा काळी दोनला. गिटारवाल्यांना पांढरी तीन सोयीची वाटते, पण त्या पट्टीत ट्रम्पेटवाल्याच्या वाट्याला सहा तीव्र (शार्प) स्वर येतात आणि सूर डळमळतात. गाण्याची पट्टी काळी पाच, काळी दोन किंवा पांढरी चार ठेवावी. गिटारला कॅपो, म्हणजे तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा, लावता येतो, ट्रम्पेटला लावता येत नाही.

नोटेशन येत नाही ही अडचण नाही. गायक ओटिस रेडिंग हे स्टॅक्समध्ये पितळी वाद्यांच्या ओळी वादकांना तोंडाने गाऊन दाखवत, आणि आपली पथकेही तशीच शिकतात.

१०. बँडमधील वादक तारखाच देत नाहीत. काय करावे?

पंचांग पाहून विचारावे. तुळशीचे लग्न लागले की लगीनसराई सुरू होते, आणि सुपारी घेतलेला वादक तुमच्या तालमीसाठी ती सोडणार नाही. त्याने सोडूही नये. चातुर्मासात विवाहमुहूर्त नसतात, म्हणून आषाढ-श्रावण बरा. गणपती आणि नवरात्रात मिरवणुका असतात, पण त्या दोहोंच्या मधला पितृपक्ष जवळपास मोकळा असतो. ध्वनिमुद्रणाला तो आमच्या मते वर्षातील सर्वांत उत्तम पंधरवडा आहे. अशुभ मानला जातो म्हणून कोणी कचरत असेल तर त्याच्यावर सक्ती करू नये. मानधन ठरवताना त्या वादकाला वरातीच्या एका दिवसाचे जे मिळते त्यापेक्षा कमी देऊ नये. अल्बमवरील हक्कांबद्दल प्रश्न १६ पाहावा.

११. भजनाची सवय असलेल्यांना सोल सोपे जाते का?

हाक-उत्तराच्या बाबतीत जाते. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात असल्याने बुवांनी चरण टाकावा आणि टाळकऱ्यांनी उचलावा ही रीत येथे मुलांच्याही अंगवळणी पडलेली असते. मराठी चर्चमध्ये रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने गात वाढलेल्यांना तर दोन्ही बाजू जवळच्या असतात. फरक एवढाच की टाळकरी बहुतेक वेळा बुवांचीच ओळ परत म्हणतात, आणि सोलमधील साथगायक वेगळे, तोकडे उत्तर देतात.

अडचण तालात येते. आपली टाळी समेवर पडते. सोलमध्ये चारांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर टाळी पडते, आणि ड्रमवरचा स्नेअरही तिथेच वाजतो. बास आणि ड्रम चालू ठेवून गटातील प्रत्येकाने, गायकानेही, न बोलता पाच मिनिटे दुसऱ्या-चौथ्यावर टाळी धरून दाखवावी. ज्याची टाळी हळूहळू समेवर सरकते त्याला आणखी ऐकण्याची गरज आहे.

१२. हॅमंड ऑर्गन परवडत नाही. हार्मोनियम चालेल का?

हॅमंडमध्ये दातेरी चकत्या फिरून विद्युत संकेत तयार होतो आणि फिरत्या भोंग्याच्या लेस्ली स्पीकरमधून त्याला हेलकावा मिळतो. हार्मोनियममध्ये हवेने पत्ती थरथरते. दोन्हींचा स्वभाव इतका वेगळा आहे की एकाने दुसऱ्याची नक्कल करू नये. साध्या कीबोर्डवरील हॅमंडचा आवाज पुष्कळ कामी येतो. संगीत नाटकांतील पायपेटी कोणाकडे चालू स्थितीत असेल तर तिचा भरीव, लांब सूर संथ गाण्यात ऐकून पाहावा. मात्र तिची पट्टी बदलत नाही, म्हणून बाकीच्यांनी तिच्याशी जुळवून घ्यावे लागते.

१३. गाणी मराठीत करावीत की इंग्रजीत?

ज्या भाषेत गायक भांडतो त्या भाषेत. सोलापुरात ती मराठी असेल, कन्नड असेल, पूर्व भागात तेलुगू असेल किंवा दख्खनी असेल, आणि एका अल्बमवर दोन-तीन भाषा आल्या तर या शहरात कोणाला नवल वाटणार नाही. गाता येईल असा लांब स्वर ओळीच्या शेवटी येईल याची काळजी घ्यावी.

१४. घरात ध्वनिमुद्रण करताना शेजारच्या मागांचा खडखडाट आणि यंत्रातली गुणगुण येते. उपाय काय?

मागांचा आवाज भिंत आणि जमीन यांतून येतो. गाद्या आणि चादरी टांगून तो थांबत नाही, त्यांनी फक्त खोलीतला घुमारा कमी होतो. म्हणून माग बंद असतील तो दिवस निवडणे हाच खात्रीचा उपाय. गुणगुण वेगळी असते. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने ती ५० आणि १०० हर्ट्झवर, म्हणजे नेमकी बासच्या प्रांतात ऐकू येते. अर्थिंग नीट तपासून घ्यावे आणि सगळी यंत्रे एकाच बोर्डावरून चालवावीत. पंखा बंद ठेवावा लागतो, म्हणून एप्रिल-मे टाळावा. शिवाय त्या उकाड्यात पितळी वाद्यांचा सूर चढतो आणि कीबोर्डचा तिथेच राहतो, त्यामुळे ट्रम्पेटची नळी दर गाण्याआधी थोडी ओढून सूर मिळवावा लागतो.

१५. साठच्या दशकातील एखाद्या सोल गाण्याला मराठी शब्द लावून अल्बमवर घेतले तर चालते का?

परवानगीशिवाय चालत नाही. चालीचा हक्क, शब्दांचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क हे तीन वेगळे आहेत; तुम्ही स्वतः वाजवले तर फक्त तिसऱ्यातून सुटता. भारतीय स्वामित्व हक्क कायद्याच्या कलम ३१-सी मध्ये जुन्या गाण्याच्या नव्या आवृत्तीसाठी वैधानिक परवान्याची वाट आहे, पण तिच्यासाठी मूळ ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपल्यावर पाच वर्षे उलटलेली असावी लागतात, आगाऊ सूचना द्यावी लागते, आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींचे स्वामित्वधन भरावे लागते. शिवाय पूर्वी न झालेले बदल त्या वाटेने करता येत नाहीत, त्यामुळे नवे मराठी शब्द तिच्यात बसत नाहीत. पहिल्या अल्बमवर स्वतःचीच गाणी असावीत हे आमचे म्हणणे निम्मे कलेसाठी आणि निम्मे याच कारणासाठी आहे.

१६. एकाच गाण्यावर वाजवून गेलेल्या वादकाचा पुढे काही हक्क राहतो का?

राहतो. कायदा त्याला कलाकार मानतो, आणि कलाकाराचा हक्क सादरीकरणानंतरच्या वर्षापासून ५० वर्षे टिकतो. एकरकमी मानधन दिले असले तरी त्याची लेखी संमती घ्यावी, कागद त्याला समजेल अशा भाषेत असावा आणि एक प्रत त्याच्याजवळ राहावी. अल्बमवर त्याचे नाव वाद्यासह छापावे. 'बँडपथकाचे सहकार्य' असे मोघम लिहू नये.

१७. अल्बमच्या प्रकाशनाचा कार्यक्रम मैदानात रात्री उशिरापर्यंत ठेवता येईल का?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. राज्य शासनाने सवलत दिलेले सणासुदीचे मोजके दिवस वगळता यात सूट नसते, आणि खासगी प्रकाशन सोहळा त्यात बसत नाही. बंद सभागृहाला अंतर्गत कार्यक्रमासाठी ही मर्यादा लागू नाही, म्हणून हुतात्मा स्मृती मंदिरासारखी जागा मिळाली तर उत्तम. मात्र सभागृहाची ठरलेली वेळ पाळावी लागतेच. जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत तारीख धरू नये, कारण त्या काळात श्रोते, वादक आणि ध्वनियंत्रणा भाड्याने देणारे सगळेच तिकडे असतात.